सराफाचं भिंग रानात नेलं, त्याचे तीन पावसाळे

काड्यापेटीपेक्षा लहान, मुठीत सहज मावणारी वस्तू. चकचकीत धातूचं घर, त्यातून एका स्क्रूवर फिरून बाहेर येणारी गोल काच, आणि घरावर कोरलेलं ‘१० एक्स, २१ एमएम’. कंपनीचं नाव कुठेच नाही. सराफ खडे तपासायला वापरतात तेच हे भिंग. मी ते २०२३ च्या जूनमध्ये ३८० रुपयांना घेतलं आणि तेव्हापासून रस्त्याकडेची, बांधावरची, गटाराच्या काठची झाडं बघायला वापरतेय. मोबाईलवर रानफुलांचे फोटो काढायचा नाद आहे, फोटो चांगले येतात, पण झाडाचं नाव काही केल्या ठरत नाही, अशी ज्यांची अवस्था असेल त्यांनी दुसरं काहीही घेण्याआधी हे घ्यावं, असं माझं ठाम मत झालंय. का ते सविस्तर सांगते.

मी साताऱ्यात राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. दिवसभर स्लाइड आणि मायक्रोस्कोप. वनस्पतीशास्त्र बारावीनंतर सुटलं. लॉकडाऊन उठला तेव्हा सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जायला लागले आणि वाटेवरच्या फुलांचे फोटो काढायची सवय लागली. वर्षभरात फोनमध्ये दोनेक हजार फोटो झाले. ‘पिवळं फूल’, ‘निळं फूल’, ‘लव असलेलं पान’ अशी नावं देऊन ठेवलेले. ओळख पटलेली झाडं पन्नाससुद्धा नव्हती.

टाकळ्यानं माझी गाडी पहिल्यांदा अडवली आणि भिंगाकडे मी तिथूनच वळले.

सासूबाई जावळी तालुक्यातल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पावसाच्या पहिल्या पंधरा दिवसांत टाकळ्याची कोवळी भाजी झालीच पाहिजे, हा त्यांचा नेम. त्या वर्षी मी फिरून येताना शाहूपुरीच्या अलीकडच्या मोकळ्या प्लॉटमधून पिशवी भरून टाकळा आणला. तशीच पानं, तशाच गोलसर पात्यांच्या जोड्या. आत्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली, एक डहाळी बोटांत धरून वरखाली फिरवली आणि सगळं पुन्हा पिशवीत भरलं.

“ही न्हवं गं ती. अंगाला लव बघ किती हाय. टाकळा गुळगुळीत लागतो हाताला, आन् वास येतो त्याला. ह्याला वास बी न्हाय.”

मी फोटो काढून एका अ‍ॅपमध्ये टाकला. अ‍ॅपनं क्षणात सांगितलं, टाकळा. पुन्हा दुसऱ्या बाजूनं फोटो टाकला, पुन्हा टाकळा. आत्या म्हणत होत्या नाही. भाजी अर्थातच झाली नाही. खाण्याच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द आत्यांचा असतो आणि तो तसाच असायला हवा. अ‍ॅपच्या भरवशावर रानातलं एक पानही कुणी शिजवू नये.

पण मला चैन पडेना. आत्यांच्या बोटांना जे कळलं ते फोटोत का दिसत नाही? मग शोधत बसले, वाचलं, आणि कळलं की आपण ज्याला सरसकट टाकळा म्हणतो त्याच्या रूपाची किमान तीन झुडपं आपल्याकडे रस्त्याकडेला वाढतात. खरा टाकळा म्हणजे सेन्ना टोरा. त्याचाच जवळचा भाऊ सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. आणि तिसरं सेन्ना युनिफ्लोरा, जे मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं आणि आता आपल्याकडे माळरानं, पडीक जागा भरून टाकतंय. गाजर गवताला ते रेटून बाजूला करतं, म्हणून त्याच्यावर अभ्यासही झालेले आहेत. या तिघांत फरक करायचा तर फूल बघून फारसं काही होत नाही. बघायचं असतं पानाच्या देठावर, पात्यांच्या जोडीच्या मधोमध. तिथे एक उभी, बारीक, टाचणीच्या टोकासारखी गाठ असते. ग्रंथी. टाकळ्याला ती खालच्या दोन जोड्यांमध्ये असते, ऑब्ट्युसिफोलियाला फक्त सगळ्यात खालच्या जोडीत, आणि युनिफ्लोराला जवळजवळ प्रत्येक जोडीत. शिवाय युनिफ्लोराच्या अंगभर तांबूस-सोनेरी लव.

ही गाठ दोन मिलिमीटरच्या आसपासची. माझ्या फोटोंत ती कुठेही नव्हती, कारण मी फुलाचे फोटो काढत होते. लॅबमध्ये नवीन मुलींना मी रोज सांगते, आधी लो पॉवरवर, म्हणजे कमी मोठं करून, सगळं फील्ड बघा, मग हाय पॉवरवर जा. झाडांच्या बाबतीत मी लो पॉवरवरच थांबले होते.

त्यानंतर भिंग घ्यायचं ठरवलं, आणि पहिली खरेदी फसली. ऑनलाइन एक भिंग दिसलं, त्यावर ‘३० एक्स’ लिहिलेलं. दीडशे रुपये. तीसपट म्हणजे दहापटीपेक्षा चांगलंच, असा विचार करून मागवलं. आलं तेव्हा मला शंका आली, कारण तीसपट मोठं दिसण्यासाठी काच पानाच्या अगदी टेकत न्यावी लागायला हवी होती आणि हे तर इंचभर लांबूनच स्पष्ट दिसत होतं. ज्यांना भिंग घ्यायचंय त्यांच्यासाठी तपासायची पद्धत इथे लिहून ठेवते. दुकानातसुद्धा अर्ध्या मिनिटात होते. दिवसा खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहायचं. भिंतीवर पांढरा कागद धरायचा आणि भिंग कागदाच्या पुढे धरून मागेपुढे करायचं. एका अंतरावर खिडकीचं उलटं, इवलंसं, स्वच्छ चित्र कागदावर पडतं. गज, बाहेरची नारळाची झावळी, सगळं. त्या क्षणी काचेच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्या आकड्यानं भागायचं. येईल ती भिंगाची खरी ताकद. २५ मिलिमीटर आलं तर दहापट, साडेबारा आलं तर वीसपट. माझं ‘तीसपट’ भिंग २६ मिलिमीटरवर चित्र पाडत होतं. म्हणजे दहापटसुद्धा जेमतेम. आत एकच साधी काच, त्यामुळे कडेला प्रत्येक रेघेला निळी-तांबडी झालर. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. बाजारात या आकड्याची भिंगं ढिगानं आहेत, म्हणून सांगतेय. घरावरचा आकडा वाचू नका, मोजा.

मग पुण्याला नणंदेकडे गेले होते तेव्हा सोन्या मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत सराफांची हत्यारं विकणाऱ्या एका दुकानात शिरले. आयुष्यात पहिल्यांदाच अशा दुकानात. चिमटे, कानस, मुशी, वजनकाटे, आणि काचेच्या पेटीत ओळीनं भिंगं. दुकानदार वयस्कर होते. मी म्हटलं, “काका, मला दागिन्यांसाठी नको, झाडं बघायला हवंय.” ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले, मग खालच्या खणातून तीन भिंगं काढून मांडली. “ताई, ट्रिप्लेट घ्या. तीन काचा जोडलेल्या असतात. रंग फुटत नाही. सराफाला रंग फुटलेला चालत नाही, तुम्हाला कसा चालेल?” मी पर्समधून लॅबमधला मिलिमीटरच्या आलेखाचा कागद काढला आणि तिन्ही भिंगांतून बघितला. दोनांत कडेच्या रेघा वाकत होत्या. तिसऱ्यात पार काठापर्यंत सरळ. तेच घेतलं. वीसपटीचंही होतं, पण ते काकांनीच नको म्हणून सांगितलं, आणि आता मला त्यांचं म्हणणं पटतं. वीसपटीत पान डोळ्यापासून जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर आणावं लागतं, आपलीच सावली पडते, वाऱ्यानं जरा हाललं की सगळं नाहीसं. बाहेर रानात दहापट पुरेसं आहे. त्याहून बारीक बघायचं असेल तर ते टेबलावरचं काम.

वापरायची रीत समजली नाही तर हे भिंग चार दिवसांत कपाटात जाईल. आपण आजोबा पेपर वाचायला धरतात तसं भिंग पानाजवळ आणि डोळा लांब ठेवतो. ते चुकतं. भिंग डोळ्याला लावायचं, अगदी पापणीपाशी, आणि धरलेल्या हाताचं बोट गालावर टेकवायचं म्हणजे हात थरथरत नाही. मग दुसऱ्या हातानं पान भिंगाकडे आणायचं, स्पष्ट दिसेपर्यंत. दुसरा डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे. मिटून बघितलं तर दहा मिनिटांत कपाळ दुखतं, हे मायक्रोस्कोपवर शिकलेलं. उजेड बाजूनं यायला हवा, कारण समोरून उजेड असला की लव दिसतच नाही. आणि झाड न उपटता, त्याच्यापाशी बसून, वाकून बघायचं. चष्मा असेल तर चष्म्यावरच टेकवा.

हे सगळं जमलं त्या सकाळी माझ्या हातात केना होता.

केना सगळ्यांच्या ओळखीचा. कुंडीत, बागेत, शेताच्या कडेला, पाऊस पडला की हजर. सकाळी निळं फूल उघडतं, दुपारपर्यंत मिटून पाणी होतं. आमच्याकडे त्याची भजी करतात. मी लहानपणापासून बघितलेलं झाड, त्यात काय बघायचं, असं वाटत होतं. जिन्याखालच्या कुंडीतली एक फांदी डोळ्यापाशी आणली आणि पान खोडाला जिथे मिठी मारतं तिथे नजर गेली. पानाचा तळ खोडाभोवती नळीसारखा गुंडाळलेला, आणि त्या नळीच्या तोंडावर तांबूस केसांची रांग. पापण्यांसारखी. एकेक केस लांब, वेगळा, तळाशी जाड आणि टोकाला निमुळता, आणि उजेड पडला की तांब्याच्या तारेसारखा. साध्या डोळ्याला तिथे नुसती मळकट रेघ दिसते.

मग फुलाच्या खालचं हिरवं आवरण बघितलं. ज्यातून एकामागून एक फुलं वर येतात ते. ते नरसाळ्यासारखं होतं, मागच्या बाजूनं शिवून टाकल्यासारखं जोडलेलं. त्याच आठवड्यात गोडोलीच्या तळ्याकाठी तसंच निळं फूल दिसलं, तिथेही मी केनाच म्हणाले असते. पण भिंगातून बघितलं तर आवरण घडी घातलेल्या कागदासारखं, मागून उघडं. तांबूस पापण्या नाहीत. पानं अरुंद. म्हणजे केनाच्याच कोमेलिना वंशातलं, पण केना नव्हे. दोन झाडं, एक नाव देऊन मी इतकी वर्षं चालले होते.

आणि केनाची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली ती जमिनीखालची. वाचलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. कुंडी आमचीच होती म्हणून एक रोप मुळासकट काढलं, धुतलं. पांढऱ्या, मातीतून आडव्या जाणाऱ्या फांदीवर फिकट, बंद कळ्या. त्या कधीच उघडत नाहीत. मातीतल्या मातीत स्वतःचंच परागण करून तिथेच बी धरतात. वर निळी फुलं कीटकांसाठी, खाली ही बंद फुलं, पाऊस दगा देवो की कुणी वरचं गवत कापून नेवो, पुढच्या वर्षाची सोय केलेली. भिंगाखाली त्या फिकट कळीच्या आवरणावर मातीचा एक कण चिकटला होता आणि तो वाळूच्या खड्यासारखा चमकत होता. मी कितीतरी वेळ तिथेच बसले होते. लॅबला पोचायला उशीर झाला.

आता फोटोचं. हेच भिंग फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलं की त्याचा मॅक्रो लेन्स होतो. मी याआधी फोनला चिमट्यानं लावायची एक लेन्स घेतली होती. ती कव्हर काढल्याशिवाय बसायची नाही, बसली तर सरकायची, आणि त्यातून डोळ्यानं बघता यायचं नाही. भिंगाचं तसं नाही. आधी डोळ्यानं शोधायचं, मग तीच जागा फोनला दाखवायची. फोनला दोन-तीन कॅमेरे असतील तर मुख्य कॅमेऱ्यासमोरच भिंग यायला हवं. काठाला काळं वर्तुळ येतं, त्यासाठी दुप्पट झूम करायचं. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस पक्का करायचा आणि नंतर फोन जागचा न हलवता झाडच हळूहळू पुढेमागे करायचं. स्पष्ट भाग मिलिमीटर-दोन मिलिमीटरचाच मिळतो. म्हणून मी एका जागेचे आठ-दहा फोटो काढते आणि एक ठेवते.

वारा हा सगळ्यात मोठा अडथळा. त्यावर माझा उपाय म्हणजे विणकामाची एक सुई आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. सुई जमिनीत रोवायची, तिला चिमटा लावायचा, चिमट्यात देठ अलगद धरायचा. आणि मागे आलेखाच्या कागदाची पट्टी, म्हणजे फोटोतच माप येतं. पावसाळ्यात कागद भिजतो म्हणून तो लॅमिनेट करून घेतलाय.

फोटोंचा क्रमही ठरलाय. अख्खं झाड त्याच्या जागेसकट, मग पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जोडतं ती जागा, फूल समोरून, फूल बाजूनं, आणि असेल तर शेंग किंवा फळ. फूल समोरून सुंदर दिसतं म्हणून सगळे तेवढंच काढतात. ओळख मात्र बहुतेक वेळा बाजूनं काढलेल्या फोटोत असते, फुलाच्या पाठीत.

हे फोटो मी आयनॅचरलिस्टवर टाकते, म्हणजे लोकांनी टाकलेल्या झाडा-प्राण्यांच्या फोटोंवरून ओळख ठरवणाऱ्या संकेतस्थळावर. त्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण भिंगाची किंमत मला तिथे जास्त कळली. हा उपक्रम २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. पैसे लागत नाहीत. एका नोंदीत अनेक फोटो टाकता येतात, तारीख आणि जागा टाकायची. संगणक नावं सुचवतो, पण नोंद तिथे थांबत नाही. माणसं येऊन बघतात, सहमत होतात किंवा नाही म्हणतात. दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीच्या नावावर एकमत झालं तरच नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. लावलेली, बागेतली झाडं त्यात धरत नाहीत. झाडांना मराठी नावंही जोडता येतात.

माझ्या गोडोलीच्या त्या निळ्या फुलाच्या नोंदीवर एका अनोळखी माणसानं एवढंच विचारलं होतं, फुलाखालच्या आवरणाचा मागचा भाग दाखवाल का? माझ्याकडे तो फोटो तयार होता. मी टाकला आणि दहा मिनिटांत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, बी कसं आहे? ज्याला मी कधी भेटले नाही, त्याला माझ्या तळ्याकाठच्या झाडाच्या बीची उत्सुकता आहे, याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. टाकळ्याची नोंदही तिथेच मार्गी लागली. शाहूपुरीचं ते लव असलेलं झुडूप सेन्ना युनिफ्लोरा निघालं. ग्रंथींचा फोटो आत्यांना मोठा करून दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला. “मग म्या काय सांगितलं व्हतं?”

आयनॅचरलिस्टची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप लपवली जाते. अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच बाकीच्यांना दिसतं. आपणही स्वतःहून कुठल्याही नोंदीची जागा झाकू शकतो. साताऱ्यात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ फुलं कुठे आहेत हे कळलं की लोक तिथे खणायला जातात.

यावरून कासबद्दल. मी भिंग घेऊन कासला गेले का, असं सगळे विचारतात. गेले, एकदाच. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर, जांभ्याचं पठार, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसोबत जागतिक वारसा यादीत. सप्टेंबरमध्ये सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचे गालिचे. पण भिंगातून बघायला झाडाच्या अडीच सेंटिमीटरपर्यंत वाकावं लागतं, आणि तिथे वाकून बसायचं म्हणजे पायाखाली काहीतरी चिरडणारच. त्या जांभ्यावर माती बोटभरही नाही, एक पाऊल चुकीचं पडलं तरी रोपं तुडवली जातात. वाटेच्या कडेला उकिडवं बसून दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती तेवढी बघितली, ड्रॉसेरा. पानावरचा प्रत्येक लाल केस आणि त्याच्या टोकावर चिकट थेंब, एका थेंबात अडकलेलं चिलट. सीतेच्या आसवांची कीटक पकडणारी पिशवी मात्र जमिनीखाली असते, ती बघायची तर रोप उपटावं लागेल. ती मी बघितलेली नाही आणि बघणारही नाही. भिंगाची जागा कासवर नाही, आपल्या गल्लीत आहे. गाजर गवताच्या एका फुलात, म्हणजे ज्याला आपण फूल म्हणतो त्या पांढऱ्या बोंडात, पाच कोपऱ्यांवर पाच इवली फुलं वेगळी असतात. ते बघायला तिकीट लागत नाही. फक्त गाजर गवताला हात लावू नका, अंगावर पुरळ उठते. चिमट्यानं धरा.

आता भिंगाचे दोष. पहिला पावसाळा संपताना स्क्रू ढिला झाला आणि काच आपोआप बाहेर फिरायला लागली. पर्समधल्या किल्ल्यांनी काचेवर एक ओरखडा पडला तो त्यातूनच. स्क्रू आवळून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब दिला, तेव्हापासून ठीक. सोबत आलेली कातडी पिशवी जुलैच्या दमटपणात बुरसली, तिच्यातला बुरशीचा वास काचेलाही लागला. ती फेकली. आता औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवते, तळाशी औषधांच्या बाटलीतून येणारी सिलिकाची पुडी. पावसाळी दिवसात बाहेर काढलं की काचेवर लगेच वाफ धरते, म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं डबी उघडी ठेवायची. पुसायला धुतलेला मऊ सुती कपडा, तोही आधी फुंकर मारून धूळ उडवल्यावर. साडीच्या पदरानं किंवा ओढणीनं पुसू नये, त्यात धुळीचे कण असतात.

दोरीची सोय नाही. कडेला भोक आहे, दोरी आपण बांधायची. मी लाल नाडा बांधलाय, कारण हिरव्या गवतात चकचकीत धातू दिसत नाही. दोनदा पडलं, दोनदा नाड्यानं सापडलं. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, घरात मुलं असतील तर भिंग उन्हात उघडं सोडू नका. खिडकीत ठेवलेल्या माझ्या वहीच्या कव्हरवर एक करपलेला ठिपका आहे. भिंगातून सूर्याकडे तर कधीच बघायचं नाही.

किमतीबद्दल बोलायचं तर, महागडी परदेशी भिंगं हजारोंनी मिळतात, त्यांची काच जास्त चांगली असणार. मला त्यांची गरज वाटलेली नाही. दिव्याचं, साठपटीचं प्लॅस्टिकचं एक भिंग मैत्रिणीकडे आहे, ते रानात चालत नाही. प्रकाशाचं वर्तुळ रुपयाएवढंसुद्धा नसतं आणि पान त्याच्या तोंडाला दाबूनच बघावं लागतं. शाळेतल्या मुलांसाठी घ्यायचं असेल तर हेच दहापटीचं, ट्रिप्लेट नसलं तरी चालेल, पण खिडकीची परीक्षा करून घ्या. माझी मुलगी नववीत आहे. तिनं या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या आवारातल्या एकतीस झाडांची नावं भिंग आणि फोन घेऊन ठरवली. एकदांडी, आघाडा, पुनर्नवा, आंबुशी, कुरडू, भुईआवळा. भुईआवळ्याच्या पानाखाली ओळीनं लटकलेली फळं बघून ती ओरडली तेव्हा वॉचमनकाकाही बघायला आले, आणि त्यांनी मागितलं म्हणून भिंग त्यांच्या डोळ्यालाही लावलं.

आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. आता त्या भिंगातून बघतात. मी एखादं पान दाखवलं की आधी बोटांत चोळून वास घेतात, नाव सांगतात, आणि मग भिंग मागतात. क्रम त्यांनी बदललेला नाही.

गोडोलीचं ते निळं फूल अजून ठरलेलं नाही. त्या माणसाला बी बघायचं आहे, कारण या वंशात बियांवरची नक्षी वेगवेगळी असते. मागच्या रविवारी गेले तेव्हा बोंडं हिरवीच होती. तीन बोंडं कागदाच्या पाकिटात घालून आणलीत, पाकिटावर तारीख आणि जागा लिहून फ्रीजवर ठेवलंय. वाळून उकलली की आलेखाच्या कागदावर मांडून फोटो काढायचे आहेत.